‘आता सोडून दे’ म्हणतात. ख्रिस्ती माणसाने नेमकं काय सोडायचं?

नगरची_सून

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझे मिस्टर जुलैमध्ये गेले. नगर-मनमाड रस्त्यावर संध्याकाळी टेम्पोने मागून उडवलं. ते वायरमनची कामं करायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. घरात आता सासूबाई, मी आणि दहावीतला मुलगा.

दुःखाबद्दल लिहायला आले नाहीये. ते आहे ते आहे. मला बोलायचंय ते त्याच्या अवतीभवती जे चालतं त्याबद्दल. मातीच्या दिवशीच सुरुवात झाली: रडू नको, तो प्रभूजवळ आहे. महिन्याने ‘देवाची काहीतरी योजना असेल’. आता चार महिने झाले, तर ‘सोडून दे, पुढे चल’. घरसभेत तर ठरवूनच टाकलंय की नाताळाआधीच्या एका उपासनेत मी साक्ष द्यायची, प्रभूने दुःखातून कसं बाहेर काढलं याची. अहो, मी अजून बाहेर आलेलेच नाही!

सांगणारी माणसं वाईट नाहीत. यातल्याच बायकांनी पहिले पंधरा दिवस आमच्या घरची चूल पेटू दिली नाही, डबे येत होते. म्हणून तोंडावर काही बोलवत नाही.

दोन गोष्टींत अडकलेय. त्यांची पेटी घरी आहे. तरुण संघातला एक मुलगा ती चर्चसाठी मागतोय, चांगला वाजवतो. त्यांच्या उपासना संगीताच्या पुस्तकात गीतागीतापाशी पेन्सिलने पट्टी लिहिलेली आहे, काळी दोन, पांढरी चार. एका ठिकाणी ‘सावकाश, आजीबाई मागे राहतात’ असंही लिहिलंय. पेटी दिली तर पुस्तकही द्यावं लागेल, आणि ते माझ्याने होत नाही.

दुसरं म्हणजे तो ड्रायव्हर. पोरगेलासा आहे, जामिनावर सुटलाय. त्याची आई एकदा दारात आली होती. सासूबाईंनी तिला पाणी दिलं, मी आतल्या खोलीत बसून राहिले. आता भरपाईचा दावा लावायचा म्हटलं तर चर्चच्या मंडळीतले दोन वडीलधारे म्हणतात, ख्रिस्ती माणसाने सूड घेऊ नये, क्षमा करून मोकळं व्हावं. घर कसं चालायचं हे मात्र कोणी सांगत नाही.

‘सोडणं’ म्हणजे तुम्ही काय समजता? कुणी सोडलंय का खरोखर? कसं?

---

वचनप्रेमी

ताई, प्रभू तुम्हाला सामर्थ्य देवो. तुमच्या भावना समजतात, पण वचन स्पष्ट आहे. १ थेस्सलनीकाकर ४:१३, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा आपण खेद करू नये. रोमकरांस ८:२८ सुद्धा वाचा, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. पेटी प्रभूच्या कामाला द्या, क्षमा करा आणि साक्ष द्या. साक्ष देता देताच माणूस बरा होतो. कोर्टाबद्दल १ करिंथकर ६ पाहा.

---

केडगाव_स्टेशन

वचनप्रेमी, थेस्सलनीकाच्या त्या ओळीत पत्र लिहिणारा पौल ‘खेद करू नका’ म्हणून थांबत नाही, ‘आशा नसलेल्यांसारखा करू नका’ म्हणतो. खेद करायला बंदी कुठे आहे? पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याला पुरलं तेव्हा भक्तिमान लोकांनी त्याच्यासाठी मोठा शोक केला, असं प्रेषितांची कृत्ये ८:२ मध्ये लिहिलंय. हे लोक पुनरुत्थानाची बातमी नुकतीच ऐकलेले, त्यांचा विश्वास आपल्यापेक्षा कमी होता म्हणायचं का? खुद्द पौल फिलिप्पैकरांस पत्रात लिहितो की सोबतचा एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला म्हणून बरं, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. मेलेल्या मित्राला, लाजरला, पुढच्या घटकेत उठवायचंय हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडला.

नगरची_सूनताई, साक्षीबद्दल एक सांगतो. मी केडगावचा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आसपासच वाढलो, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातल्या तारखा आम्हाला पाढ्यांसारख्या पाठ. १८७४ पासून वर्षा-दोन वर्षांत वडील, आई आणि मोठी बहीण दुष्काळात, पायी भटकंतीत गेली. उरलेला एक भाऊ, तो १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. बाईंचं वय तेवीस, मांडीवरची मनोरमा वर्षाचीही नव्हती. बाप्तिस्मा १८८३ चा. आणि ज्याला आपण त्यांची साक्ष म्हणतो ते पुस्तक आलं १९०७ मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत बाईंनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, दुष्काळातल्या शेकडो पोरीबाळी केडगावला आणल्या, शेतं लावली, विहिरी खणल्या. आणि तुमच्याकडून चौथ्या महिन्यात साक्ष हवी!

---

वचनप्रेमी

१९०७ च्या आधीही रमाबाई सभांमधून बोलत होत्या. पुस्तक उशिरा आलं इतकंच.

---

केडगाव_स्टेशन

बोलत होत्या, मान्य. पण काय बोलायचं आणि कधी, हे कुणाच्या घरसभेने ठरवून दिलं नव्हतं. बिशप-मडमांनाही बाई सहजी ऐकत नसत, हे त्यांच्या पत्रव्यवहारात पानोपानी दिसतं.

आणि सोडण्याचंच विचारत असाल तर मला १८९६-९७ चा दुष्काळ आठवतो. ज्या दुष्काळाने आईबाप डोळ्यांदेखत नेले, तसल्याच दुष्काळात बाई आपण होऊन मध्य प्रांतात गेल्या आणि मुली गोळा करून आणल्या. विसरलेला माणूस तिकडे जात नाही. जखम असतानाच गेल्या. पुढे १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तेव्हाही बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं. ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या, ते बायबल छापून आलं १९२४ मध्ये. त्या नऊ महिन्यांत बाई रडल्या नसतील असं कोणी म्हणू नये.

---

तिन्हीसांज

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहू का? आमच्यात दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध असं सगळं लावून दिलेलं असतं. आई गेली तेव्हा या सगळ्याचा वैताग आला होता, भटजींशी भांडलेही. पण एक होतं, त्या दिवशी रडलं तर कोणी ‘अजून किती दिवस?’ विचारत नाही. तुमच्यात असे ठरलेले दिवस नसतात का?

---

वसईवाला

तिन्हीसांज, आम्हा कॅथलिकांत असतात. सातव्या दिवसाचा मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी), महिन्याचा मिस्सा, वर्षाचा मिस्सा. शिवाय २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. परवाच झाला. आदल्या दिवसापासून सिमेंटरीत गर्दी. कोणी कबरीवरचं गवत उपटतंय, कोणी क्रूसाला चुना मारतंय, पोरं मेणबत्त्या वाऱ्यापासून वाचवतायत. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. तिथे माझी एक मावशी दरवर्षी मावश्याच्या कबरीशी मोठ्याने भांडते, जमिनीच्या वाटणीवरून. कोणी हसत नाही.

माझी बायको कॅन्सरने गेली. वर्षभर मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचो आणि कम्युनियनच्या (प्रभुभोजनाच्या) आधी उठून यायचो. देवाशी अबोलाच होता म्हणा. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटीचं काम आहे, गरीब आणि एकट्या पडलेल्या लोकांच्या घरी जायचं. एका मित्राने मला त्यात ढकललं, भक्ती म्हणून नव्हे, त्याला गाडी चालवणारा हवा होता. एका म्हाताऱ्याकडे तांदूळ-तेल घेऊन जायचो. त्याला विसरायचा आजार. दर खेपेला विचारायचा, ‘बायको कशी आहे?’ पहिल्यांदा सांगितलं, गेली. तो असा हादरला की पुढच्या वेळी पुन्हा सांगायची हिंमत होईना. मग सांगत राहिलो, बरी आहे, तुमची आठवण काढते. फादरना विचारलं, हे खोटं आहे का? ते म्हणाले, तुझी बायको बरी आहे आणि आठवण काढते, हेच तर आपण क्रीडोत, विश्वासाच्या कबुलीत, म्हणतो. संतांचा समागम, म्हणजे जिवंत आणि गेलेले सगळे एकमेकांशी जोडलेले.

सोडलं का? नाही. पण कम्युनियनला थांबायला लागलो.

---

वचनप्रेमी

वसईवालाभाऊ, मनापासून सांत्वन. मात्र मृतांसाठी प्रार्थना हा भाग शास्त्राला धरून नाही, हे नमूद करतो.

---

वसईवाला

केलंत नमूद, झालं. कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं पाचशे वर्षांपूर्वीचं भांडण ताईंच्या धाग्यावर नको. तुमच्या दफनभूमीतही कबरीवर फुलं ठेवतातच ना?

---

समुपदेशक_पुणे

कामाच्या अनुभवातून थोडं. ‘सोडून दे’ हा सल्ला फक्त चर्चमधला नाही, जुन्या मानसशास्त्रातही तोच होता: मेलेल्या माणसातून मन काढून घ्या. १९९० च्या दशकापासून अभ्यासकांनी याला चांगलाच विरोध केला. गेलेल्या माणसाशी नातं वेगळ्या रूपात टिकवून माणसं नीट जगतात, हे आता सर्वमान्य आहे. सगळे सांगतात त्या ‘दुःखाच्या पाच पायऱ्या’ही १९६९ मध्ये मांडल्या गेल्या त्या स्वतः मरणाला सामोरे जाणाऱ्या रुग्णांबद्दल. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या. त्या पायऱ्या क्रमाने चढायच्या असतात असं काही नाही.

लांबलेला शोक ही वैद्यकीय स्थिती आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकन नियमावलीत मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची. तेव्हा चौथ्या महिन्यात रडू येतं, पुस्तक हातातून सुटत नाही, यात आजार कुठेच नाही. झोपच उडाली, जेवण तुटलं, जगू नये असं वाटायला लागलं तर मात्र थांबू नका. टेलि-मानस, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि ताई, मुलाकडे लक्ष असू द्या. दहावीच्या वर्षात मुलं ‘मी ठीक आहे’ म्हणून आईला सांभाळत बसतात.

---

नगरची_सून

मुलाचं अगदी बरोबर लिहिलंत. तो माझ्यासमोर एकदाही रडलेला नाही. काल रात्री हा धागा त्याला वाचायला दिला. वसईच्या मावशी कबरीशी भांडतात ते वाचून हसला, मग उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला.

केडगाव_स्टेशनभाऊ, तारखा पाळकसाहेबांना दाखवल्या. साक्षीचा विषय त्यांनी स्वतःच मागे घेतला. त्या उपासनेत मी हवं तर एखादं स्तोत्र वाचावं म्हणाले. मी ८८ वं वाचू का विचारलं. ते जरा गप्प झाले. (ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आशेची ओळच येत नाही.) मग म्हणाले, वाच.

---

तिन्हीसांज

नंतर उघडून वाचलं. असलंही धर्मग्रंथात असतं हे माहीत नव्हतं.

---

सुताराचा_पोर

मी पेट्या दुरुस्त करतो. पेटी द्यायची की नाही तो तुमचा प्रश्न, त्यात पडत नाही. पण ठेवणार असाल तर बंद ठेवू नका. चार महिने पावसाळ्यासकट बंद असेल तर रीडांवर गंज धरायला सुरुवात झाली असणार, पट्ट्यांच्या खालच्या बनातीला कसर लागते आणि भात्याच्या घडीतलं चामडं कडक होऊन तडकतं. रोज पाच मिनिटं नुसता भाता मारून सगळे स्वर एकदा दाबा. पोरगा वाजवतो तर त्याला घरी येऊन वाजवू द्या की. वरून खोबरेल वगैरे काही लावू नका, लोक लावतात.

---

लेकुरवाळी

बायका रूथ-नामीची गोष्ट सांगताना थेट रूथच्या निष्ठेवर उडी मारतात. मला तिची सासू नामी आवडते. नवरा आणि दोन्ही मुलगे परमुलखात पुरून ती बेथलेहेमला येते आणि गावच्या बायकांना भर रस्त्यात सांगते, भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. एवढं कडू बोलूनही त्या गावात कोणी तिला उपदेश केल्याचं लिहिलेलं नाही. रूथ तर काहीच बोलत नाही, मग सातूच्या शेतात सरवा वेचायला जाते, कारण घरात खायला नाही.

मुलंबाळं, घरदार सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले होते तेव्हा बरे होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. आमच्या भगिनी मंडळाला मी हे सांगून पाहिलं, विशेष उपयोग झाला नाही. :)

---

वकीलबाई

दाव्याबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मोटार अपघाताचे दावे चालवते आणि रविवारी चर्चलाही जाते, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलेन.

ताई, तुमच्यासमोर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांची सरमिसळ केलीय. ड्रायव्हरवरची फौजदारी केस सरकार चालवतं, तुम्ही त्यात साक्षीदार. ती तुमच्या क्षमेने थांबत नाही. भरपाईचा दावा वेगळा, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. टेम्पोचा तृतीय पक्ष विमा चालू असेल तर पैसे विमा कंपनी भरते, त्या पोराच्या आईच्या घरातली भांडी विकून येत नाहीत. याला सूड कसं म्हणता येईल? तुमच्या मिस्टरांच्या कमाईवर तीन माणसं जगत होती, त्याचा हिशोब आहे तो.

१ करिंथकर ६ मध्ये विश्वासणारे आपापसातले वाद बाहेर नेतात त्यावर पौल चिडलाय. विमा कंपनी मंडळीची सभासद नाही. स्वतः पौलाने वेळ आली तेव्हा कैसराकडे, म्हणजे रोमन बादशहाकडे, न्याय मागितला. आणि लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाच्या मागे हात धुऊन लागते, तिचं उदाहरण खुद्द येशू देतो, प्रार्थना कशी करावी यासाठी!

क्षमेबद्दल कोणाला आपल्या देशातलंच उदाहरण हवं असेल तर ग्लॅडिस स्टेन्स बाईंचं घ्या. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला जीपमध्ये झोपलेले नवरा आणि दोन मुलगे, दहा आणि सहा वर्षांचे, जाळले गेले. बाईंनी क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि मुलीला घेऊन बारीपाड्यात राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवलं. पण खटला मागे घ्या म्हणत त्या कुठे फिरल्या नाहीत. चौकशी आयोगापुढे प्रतिज्ञापत्र दिलं. खटला चालला, शिक्षा झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमा बाईंची, न्यायनिवाडा कोर्टाचा. लोकांना त्यांची फक्त पहिली अर्धी गोष्ट सांगायला आवडते.

आता घाईचं. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय. तिच्यावर कोर्टात वाद आहेत, पण त्या भरवशावर बसू नका. जुलै म्हणजे जानेवारी. नाताळाच्या सुट्ट्या धरून तुमच्याकडे फार दिवस नाहीत.

---

वचनप्रेमी

लूक १८ चा मुद्दा मान्य. विमा कंपनी भरते हे मला माहीत नव्हतं. पण मनात कटुता ठेवून दावा लावणं आणि मन मोकळं करून लावणं यात फरक आहे, एवढंच म्हणायचं होतं. ताईंनी त्या मुलाला क्षमा करावी असं मला आजही वाटतं, त्यांच्यासाठीच.

---

लेकुरवाळी

तेही आज-उद्या नको. येशू म्हणतो ‘सत्तर गुणिले सात वेळा’ क्षमा करा, याचा अर्थ माझ्या आजीने असा लावला होता की एकाच अपराधाची क्षमा रोज सकाळी नव्याने करावी लागते, तेव्हा कुठे आकडा भरतो.

---

केडगाव_स्टेशन

+१. आजींना दंडवत.

अवांतर: ताई, तुम्ही नगरच्याच, तर लक्ष्मीबाई टिळक तुमच्या घरच्याच म्हणायच्या. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट पडलं होतं. नवऱ्याच्या हट्टामुळे लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या या बाईने त्याचे बहुतेक अध्याय पुढे स्वतः लिहिले. टिळकांच्या वह्या कपाटात जपून ठेवून दिल्या असत्या तरी कोणी काही म्हटलं नसतं.

---

नगरची_सून

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर द्यायला जमणार नाही.

पेटी देत नाहीये. तो मुलगा बुधवारी-शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्याकडे येऊन वाजवतो, सुताराचा_पोर यांनी सांगितल्यावर विचारलं त्याला. खालच्या सप्तकातला एक स्वर नुसता फुसफुसतो. पुस्तक मी हातात धरते आणि पट्टी वाचून सांगते, त्याच्या हातात देत नाही. सासूबाई त्याला चहा देताना दरवेळी म्हणतात, लय घाई करतोस.

ड्रायव्हरबद्दल अजून काही लिहू शकत नाही. त्याच्या आईचा नंबर सासूबाईंनी घेऊन ठेवलाय, हे मला परवा कळलं. त्या बोलतात तिच्याशी. मला राग आला, मग आला नाही. क्षमा यालाच म्हणत असतील तर मला माहीत नाही.

वकीलबाई, दावा लावायचं ठरलं. मंडळीतल्या त्या दोघांना तुमचा प्रतिसाद मोबाइलवर पाठवला, एकाचा अंगठा आला, दुसरे उत्तर देत नाहीत. प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला जमवलाय. ते सुटी कामं करायचे त्यामुळे पगारपत्रक नाही, दोन ठेकेदार लिहून द्यायला तयार आहेत. दावा माझ्या आणि मुलाच्या नावाने करायचा ना?

---

वकीलबाई

सासूबाईंचंही नाव अर्जदारांत घाला, त्याही त्यांच्याच कमाईवर होत्या. मुलगा कायद्याने अज्ञान (अठराच्या आतला) आहे, त्याच्या वतीने तुम्ही सही कराल. ठेकेदारांकडून नुसती चिठ्ठी घेऊ नका, वेळ आली तर न्यायाधिकरणापुढे येऊन सांगतील का ते आत्ताच विचारून ठेवा. बँकेचं पासबुक आणि वायरमनचा परवाना असेल तर तोही जोडा. टेम्पोच्या विम्याची प्रत पोलिसांच्या कागदांत असते, नसेल तर गाडीच्या नंबरवरून काढता येते. बाकी तुम्हाला वेगळ्या निरोपात लिहिते.